सात भोकांचा पेपर

औरंगपुऱ्यातल्या पेपरवाल्याला सखाराम गुरुजींचं कोडं काही सुटत नव्हतं. सोमवार ते शुक्रवार हा माणूस एकच पेपर घेई, तोही खाली मान घालून. आणि शनिवारी मात्र त्याच पेपरचे पाच अंक.

"क्या गुर्जी, घर में कित्ते लोगां पढ़ते?" तो हसून विचारी.

"सगळे," असं म्हणून गुरुजी पाचही अंक पिशवीत घालत आणि वाळूजकडची बस धरत.

घरात सगळे म्हणजे गुरुजी एकटेच. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एका खोलीत पुस्तकं रचून राहत, आणि आपण बोललो तर समोरच्याला कंटाळा येईल या धास्तीनं शेजाऱ्याशीही थंडी-उन्हापलीकडं बोलत नसत. पाच अंक असत ते सातवीच्या वर्गासाठी. बस कारखान्यांपाशी पहिल्या पाळीचे कामगार उतरवी आणि जवळजवळ रिकामी होऊन पुढं गुरुजींच्या शाळेच्या गावाला जाई. तिथं शनिवारचा शेवटचा तास त्यांनी मागून घेतला होता. पाच गट, पाच अंक. पोरांनी बातमीतलं गाव नकाशात शोधायचं, बाजारभावाच्या आकड्यांवरून सरासरी काढायची, कुठल्या कंपनीत किती जागा निघाल्या ते बघून आपल्या गावातल्या किती जणांना काम लागेल याचा अंदाज बांधायचा. शेवटी प्रत्येक गटानं एक प्रश्न विचारायचा आणि गुरुजींनी उत्तर द्यायचं. आठवडाभरात गुरुजींना कुणी काही विचारी ते तेवढ्या वेळात. तेव्हा त्यांचा आवाजसुद्धा वेगळा निघे. कधीकधी ते स्वतःच चमकत.

सगळ्यांत अवघड प्रश्न पुतळा साळवेचे असत. तिचा बाप कडुबा कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता आणि घरी पेपर मोठ्यानं वाची. "गुरुजी, मंत्री बोलला म्हणतेत, पण आपल्या मनानं बोलला का कुणी विचारल्यावर?" असं विचारणारी पोर. तिच्यासाठी गुरुजी शुक्रवारीच तयारी करत.

त्या साली संक्रांत शुक्रवारी आली आणि त्याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. पंधरा वर्षं ज्यासाठी मोर्चे निघाले, वस्त्या जळाल्या, माणसं मेली, ते एकदाचं झालं. शनिवारचा पेपर त्यानंच भरला होता. गावात चावडीपुढं पोलिसांची गाडी उभी होती.

हेडमास्तर बद्रीनाथ औताडे शाळेच्या फाटकातच भेटले. "गुरुजी, आज तो पेपरचा तास नको."

"पोरं वाट बघतात, सर."

"मग घ्या, पण तो विषय नको. वर्गात दोन्हीकडची पोरं आहेत. घरी जाऊन काय सांगतील, कोण काय ऐकेल, नेम नाही. माझ्या बदलीला तीन महिने राहिलेत, तेवढे निभू द्या." आणि ऑफिसात नेऊन त्यांनी खणातली कात्री काढून दिली.

गुरुजींना नाही म्हणता आलं असतं. तसं ते नंतर स्वतःला पुष्कळदा म्हणाले. त्या वेळी मात्र एवढंच मनात आलं, की तास तरी वाचला. बसून त्यांनी मन लावून कापलं. कडा सरळ ठेवल्या. पाचही अंकांतून अगदी सारख्या जागा कापल्या. भोकानं बातमी लपत नाही, उलट सगळ्यांचं बोट तिथंच जातं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

वर्गात अंक उघडले आणि पानांतून पोरांना एकमेकांची तोंडं दिसू लागली.

"गुरुजी, आमच्या पेपराला सात भोकं हायेत," पुतळा म्हणाली.

"आमच्याबी सातच!" दुसऱ्या गटातून कुणीतरी ओरडलं.

"उंदरानं खाल्ला असंल," पाटलांचा सांडू म्हणाला.

"लई शिकलेला उंदीर दिसतोय," पुतळा म्हणाली. "पट्टी लावून खाल्लंय."

वर्ग खो-खो हसला. गुरुजीही हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की पुतळा हसत नाहीये.

"काय व्हतं हितं, गुरुजी?"

काय होतं ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. पुतळाच्या वस्तीवर कालपासून निळे झेंडे लागले होते, पेढे वाटले होते. आणि गावात काही घरांनी तिळगूळसुद्धा दारं लावून खाल्ला होता. गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"ते... परीक्षेला नाही," ते म्हणाले.

पुतळानं अंकाची नीट घडी घातली आणि टेबलावर आणून ठेवली. त्या दिवशी तिच्या गटानं प्रश्न विचारला नाही.

पुढचा आठवडाभर ती शाळेत येत होती. हजेरीला "हजर" म्हणे, गणितं सोडवी, विचारलं तेवढं सांगे. गुरुजी फळ्याकडं वळले तरी वर्गाची ती गप्प झालेली बाजू त्यांच्या पाठीला कळे. गेलो तर बरं दिसेल का, याचा दोन दिवस विचार करून गुरुवारी शाळा सुटल्यावर ते वस्तीवर गेले. हातात त्या शनिवारचा न कापलेला अंक होता. पेपरवाल्याच्या रद्दीतून हुडकून आणलेला.

कडुबा पहिली पाळी करून नुकताच आला होता. त्याच्या आईनं, चतुराबाईंनी, खाटेवर सतरंजी टाकली, चहा ठेवला. पुतळा आत गेली ती बाहेर आलीच नाही.

"हा असू द्या तुमच्याकडं," गुरुजी म्हणाले. "त्या दिवशीचा आहे. अख्खा."

"हाय की आमच्याकडं," कडुबा म्हणाला. "शहरात फ्रेमला टाकलाय." मग त्यानं चहाचा कप गुरुजींच्या हातात दिला. "गुरुजी, राग मानू नका. पेपर मीबी वाचतो. पोरीला ते वर्गात ऐकायचं व्हतं. समद्यांच्या म्होरं, तुमच्या तोंडून."

"घरी आल्या माणसाला असं बोलू नाय रं," चतुराबाई म्हणाल्या. "गुरुजी, साखर हाय का बराबर?"

"आहे," गुरुजी म्हणाले. चव त्यांना कळली नव्हती.

शनिवारी त्यांनी तोच एक शिळा अंक वर्गात नेला. गट पाडले नाहीत. उभं राहून पहिल्या पानावरचा मथळा वाचला, मग खालची बातमी पहिल्या ओळीपासून. दोनदा पाणी प्याले. मागच्या बाकावरची तिघं दप्तरं उचलून न विचारता निघून गेली. गुरुजींनी अडवलं नाही आणि वाचणंही थांबवलं नाही. आतल्या पानावर एका चौकटीत, या नावापायी कोण कुठं मेलं ते दिलं होतं. तेही एकेक नाव वाचलं.

पुतळा उभी राहिली. "गुरुजी, हे मागल्या शनवारी का नाय वाचलं?"

या प्रश्नाची तयारी त्यांनी केली होती. वर्गातली शांतता, पोरांचं वय, गावातलं वातावरण, असं पाच-सहा वाक्यांचं उत्तर होतं. त्यांनी अंक मिटून टेबलावर ठेवला.

"भ्यालो होतो," ते म्हणाले.

गुरुजी भितात हे त्या वर्गानं कधी ऐकलं नव्हतं. सांडूनं आ वासला. "कुणाला, गुरुजी?"

"नीट सांगता येत नाही रे. सगळ्यांनाच, बहुतेक."

पुतळा त्यांच्याकडं बघत राहिली, कापड घेण्याआधी ते उजेडाला धरून बघावं तशी.

"बरं," ती म्हणाली आणि खाली बसली.

दारात औताडे सर उभे होते. कधीचे होते कोण जाणे. ओरडले नाहीत, उलट थकल्यासारखे दिसले. "पुढच्या शनिवारपासून हा तास कवायतीला," ते म्हणाले. "आजपासूनच म्हणा. चला रे पोरांनो, मैदानात."

पोरं ती पोरंच. बाकांवरून उड्या मारत धावली. पुतळाही धावली, रांगेत पुढचा नंबर मिळावा म्हणून सांडूला कोपरानं ढकलत. गुरुजींनी खिडकीतून पाहिलं. रांगेत उभी राहिल्यावर ती सांडूशी काहीतरी भांडत होती, हात हलवून हलवून, पहिल्यासारखी.

तास संपायला अजून बारा मिनिटं होती. कुणाचं काही विचारायचं राहिलं असेल, एखादं परत येईल, म्हणून गुरुजी खुर्चीत बसून राहिले. घंटा झाली तेव्हा उठले आणि एकेक करून खिडक्या लावून घेतल्या.