लेलेबाईंची रजा

आमच्या घरात बुधवारी माझा नवरा स्वयंपाक करतो. मी हे वाक्य सहज लिहिलं, पण तो ते सहज बोलत नाही. आधी खाकरतो. मग शाळेच्या स्टाफरूममध्ये, जिन्यात, दातांच्या डॉक्टरकडे आ करायच्या आधीसुद्धा सांगतो, "बुधवारी आमच्याकडे मी करतो हं." ऐकणारी बाई माझ्याकडे वळून म्हणते, "नशीबवान आहात." मी हसते. नशीबवान बाईने हसायचं असतं, नाहीतर तिला आणखी नशिबाच्या गोष्टी ऐकवतात.

तो एकच पदार्थ करतो. दाण्यांच्या झणझणीत नूडल्स, पंधरा मिनिटांत. ही कृती त्याने मोबाइलवर पाहिली. त्या व्हिडिओत एक गुबगुबीत माणूस काचेच्या वाट्या ओळीने मांडून उभा असतो आणि बोट दाखवत म्हणतो, भाजलेले सोललेले दाणे एक वाटी, सोललेला लसूण आठ पाकळ्या, भिजवलेल्या लाल मिरच्या सहा, बारीक चिरलेली कांद्याची पात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच नवऱ्याला विचारलं, "हे लेले कोण?"

"कोण लेले?"

"भाजलेले, सोललेले, भिजवलेले. सगळं काम यांनीच केलंय. एकदा कॅमेऱ्यासमोर तरी आणायचं बिचाऱ्यांना."

नवरा हसला नाही. तो भूगोल शिकवतो. व्याकरणातला विनोद त्याच्या अभ्यासक्रमात नाही.

लेले मात्र आमच्याकडे मुक्कामालाच आल्या. बाईच निघाल्या, हे वेगळं सांगायला नको. बुधवारी सकाळी कामावर जायच्या आधी लेलेबाई मंद आचेवर दाणे भाजतात, चोळून त्यांची सालं काढतात, मिरच्या भिजत घालतात. संध्याकाळी घरी आल्या की चप्पल काढायच्या आत लसूण सोलतात, पात धुऊन चिरतात, मोठ्या पातेल्यात पाणी चढवतात, वाट्या ओळीने मांडतात. मग सात वाजता नवरा अ‍ॅप्रन बांधतो. अ‍ॅप्रन इस्त्री केलेला असतो, म्हणजे तिथेही लेलेच. सव्वासातला तो ताटल्या आणून ठेवतो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करतो. सासूबाई फोनवर नणंदेला कळवतात, "झाल्या गं बाई याच्या नूडल्स. बसला काय, उठला काय. हाताला वेग आहे माझ्या लेकाच्या." जेवणं झाली की लेलेबाई मिक्सरच्या पात्यांखाली अडकलेला चिकट दाण्याचा लगदा काडीने कोरून काढतात. हे असंच चाललं असतं. मध्ये माझी बढती आली.

मी शर्टांच्या कारखान्यात वेळ मोजते. गळ्यात स्टॉपवॉच, हातात कागदांची पाटी. कॉलर जोडायला किती सेकंद, खिसा बसवायला किती, काज करायला किती. मी कागदावर लिहिला की तो ठरलेला वेळ. तेवढ्यात नग झाला नाही तर त्या बाईच्या कार्डावर लाल शेरा. तोंडावर मला घड्याळवाली म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

आमच्या मजल्याच्या मुख्य बाई निवृत्त होणार होत्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चक्क बसायला सांगितलं आणि म्हणाले, "ती जागा तुमचीच आहे, मॅडम." अकरा वर्षं मी त्या जागेकडे डोळे लावून होते. मान हलवताना माझे कान गरम झाले. "साडेसातपर्यंत थांबावं लागेल," साहेब म्हणाले. "आणि काजांचा वेळ नव्याने बांधायचाय. गुरुवारी चारपर्यंत तो कागद आणि तुमचा होकार, दोन्ही द्या. तोवर घरी विचारून घ्या. जेवणाखाण्याचं वगैरे."

रविवारी मी घरी विचारलं. नवरा पेपर तपासत होता. मान वर न करता म्हणाला, "जेवणाचं काय घेऊन बसलीस? पंधरा मिनिटांचं काम. मी करीन रोज."

"रोज?"

"रोज. बुधवारी करतोच की. तू बिनधास्त हो म्हण."

"त्याला काही जड नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुलाच उगाच प्रत्येक गोष्टीत घोळ घालायची सवय आहे."

मी तेव्हाच ठरवलं. येत्या बुधवारी लेलेबाई रजेवर.

बुधवारी सकाळी मी फक्त चहा केला आणि निघाले. संध्याकाळी मुद्दाम थांबून काजवालीच्या मशिनपाशी स्टूल ओढलं. ही बाई माझ्या आईच्या वयाची. बावीस वर्षं काजंच करते, म्हणून काजवाली. त्या आठवड्यात तिची पाळी उशिराची होती. एका शर्टाला सात काजं. मी घड्याळ दाबलं. सातवं काज झालं तेव्हा काटा चाळीसवर होता.

"चाळीस," मी लिहिलं.

"अहो बाई, थांबा की," काजवाली म्हणाली. "हा गठ्ठा मी त्या टोकावरून उचलून आणला, ते कुठे गेलं? खुणा केल्या. निळा दोरा काढून पांढरा ओवला. मशिनमधला कचरा झाडला. ते?"

"ती तयारी, मावशी. दोरा ओवलेला आहे असं धरायचं."

"कोणी ओवलेला?"

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"दाणे कुठे आहेत?" नवरा.

"डब्यात."

"डब्यात कच्चे आहेत!"

"मग भाज."

फोन ठेवला. काजवाली माझ्याकडेच बघत होती. मी तिला पाटीवरचा छापील तक्ता दाखवला. त्यात 'तयारी' असा एक रकाना आहे आणि त्याखाली छापलंय, 'धरू नये'. मी म्हटलं, "नियम आहे, मावशी. तयारी धरायची नसते."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचा गठ्ठा आणायला उठली. त्या टोकापर्यंत गेली, आली, गुडघा धरून बसली. माझं घड्याळ तोवर बंद होतं.

पुन्हा फोन. "भाजले. सालं कशी काढायची?"

"गार होऊ दे. चोळ आणि फुंकर मार."

"गार व्हायला किती वेळ लागतो?"

"भूगोलात नाही का?"

तिसऱ्या फोनवर त्याने लसणाबद्दल विचारलं, चौथ्यावर मिक्सरचं झाकण कुठल्या बाजूने फिरवायचं ते. पाचवा फोन सासूबाईंचा होता. "अगं, कधी येतेस?" एवढंच म्हणाल्या, पण आवाजात घोळ माझा नव्हता.

मी आठला दार उघडलं तर समोर गुलाबी धुरळा. फुंकर मारून दम लागला म्हणून नवऱ्याने टेबलफॅन आणून दाण्यांसमोर लावला होता. सालं जिथे जायला हवीत तिथे सोडून सगळीकडे गेली होती. पडद्याला, दिव्याला, वाळत घातलेल्या कपड्यांना, सासूबाईंच्या केसांना. निम्मे दाणे करपलेले, निम्मे कच्चेच. लसूण न सोलताच ठेचलेला. त्याने नूडल्सचं सगळं पाणी मोरीत ओतून दिलं होतं. त्यातलं वाटीभर ठेवायचं असतं, त्यानेच दाण्याचं वाटण सैल होतं. ती वाटी दर बुधवारी ओट्यावर ठेवलेली असायची. त्यामुळे वाटणाचा झाला होता चिखल, आणि चिखलात तो मोठ्या चमच्याने नूडल्स ओढत होता. अ‍ॅप्रनची इस्त्री मोडली होती. चिडायला आले होते, पण खरं सांगते, मला त्याची दया आली. दोन मिनिटं आली.

सासूबाई रिकाम्या ताटलीसमोर बसल्या होत्या. त्यांना साडेसातला गोळी घ्यायची असते, जेवून. त्यांनी केसांतलं एक साल काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बापालाही हेच वाटायचं. दाणे जमिनीतून भाजून, सोलूनच निघतात. तू तर मुलांना शिकवतोस रे, भुईमूग कुठे पिकतो ते."

सव्वाआठला जेवायला बसलो. त्याने सहाला सुरुवात केली होती. म्हणजे दोन तास पंधरा मिनिटं, मी न मोजताही मोजले गेले. नूडल्स तिखट होत्या, एवढं खरं. डोळे पुसत, नाक ओढत तिघं खात होतो. मी वाट बघत होते. काहीतरी म्हणेल. साधं 'अरेच्चा' तरी.

नवरा पाणी प्यायला, खाकरला आणि त्याने घड्याळाकडे बोट केलं. "तरी बघ. नूडल्स शिजून, परतून, पंधराच मिनिटं लागली. आधीचं सोड. ती तयारी. तयारी धरायची नसते."

माझा चमचा हातातच राहिला.

वाक्य माझंच होतं. शब्दाला शब्द, घरी कामाचं बोलताना माझ्याच तोंडून ऐकलेलं. संध्याकाळी मी ते गुडघा धरून बसलेल्या बाईच्या तोंडावर मारलं होतं आणि वर छापील कागद दाखवला होता. अकरा वर्षं दाखवत होते. आमच्या मजल्यावर चाळीस बायका आहेत आणि दर महिन्याला मी त्यांच्यासमोर इस्त्रीचा अ‍ॅप्रन घालून उभी राहते, घड्याळाकडे बोट करते. चाळीस बायकांचा नवरा! लाजेने माझं अंग तापलं. मिरचीवर ढकलता आलं, तेवढं बरं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. तिखट झालंय."

गुरुवारी दुपारी तिची पाळी सुरू होताच मी पुन्हा काजवालीपाशी स्टूल ओढलं. तिने वरही पाहिलं नाही. गठ्ठा आणायला उठली तेव्हा मी घड्याळ दाबलं. तो आवाज तिला ओळखीचा. जागच्या जागी थबकली.

"अहो, अजून बसले पण नाही मी."

"चला तुम्ही. धरलंय मी."

मग ती चालली. उगाच हळूही नाही, घाईनेही नाही, नेहमीसारखी. गठ्ठा, खुणा, दोरा, कचरा, सात काजं. एका शर्टाच्या वाट्याला आले पंचाऐंशी सेकंद. छापलेल्या 'धरू नये'मधला 'नये' मी खोडला आणि खाली सही केली. चार वाजता कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला, सोबत होकार.

साहेबांनी होकार वाचला, हसले. कागद वाचला, हसू गेलं. "तयारी धरलीत?"

"हो सर."

"मॅडम, नियम ठरलेला आहे."

"कोणी ठरवलेला?"

साहेबांनी माझ्याकडे अगदी आमच्या भूगोलासारखं पाहिलं. "बरं," म्हणाले. "कळवतो."

पाच वाजता कळलं. जागा पॅकिंगच्या सुपरवायझरला दिली. त्याने काजवालीच्या मशिनपाशी न जाताच चाळीसवर सही केली. घरी जेवणाखाण्याचं विचारून घ्या, असं त्याला कोणी सांगितलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. अकरा वर्षांचं रडू होतं, चार मिनिटांत आवरलं. निघताना काजवाली दाराशी भेटली. तिला बातमी माझ्या आधीच लागली होती. म्हणाली, "बाई, पंचाऐंशीचा तो कागद फाडू नका. ठेवा." मी मान हलवली. तो माझ्या पाटीला अजून लावलेला आहे, सगळ्यात वर.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं, तो दुष्ट नाही. मला पाणी आणून दिलं, पाठीवर हात फिरवला. थोड्या वेळाने त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"एका अर्थी बरंच झालं की," तो म्हणाला. "आता सगळं पहिल्यासारखं. बुधवारी तुझ्यासाठी मस्त नूडल्स करतो बघ. पंधरा मिनिटांत!"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई उठल्या. फळीवरचा कच्च्या दाण्यांचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी खाली घेतला, लेकाच्या पुढ्यात ठेवला आणि वर कढई ठेवली.

"घे," त्या म्हणाल्या. "आत्ताच बस. बुधवारपर्यंत होतील."