मागे राहिलेले दोघे

"आज आधी तुम्ही बोला, जावईबापू. नवरा-बायकोचा मान पहिला. मी आपला इथे गप्प बसतो."

असं म्हणून सासऱ्यांनी खुर्ची मागे सरकवली खरी, पण फोन वाजला रे वाजला की त्यांचाच हात आधी पोचला.

"हं, बोल बाळा! जेवलीस का? पाय कसाय? झोपू देतात का नीट? पळण्यात कितवी आलीस?"

म्हाताऱ्याने उभी हयात बस चालवण्यात घालवली होती. त्यामुळे फोनवरही ते इंजिनाच्या आवाजावर मात केल्यासारखे ओरडून बोलत. जावई दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालत उभा राहिला. घड्या घालणारे हात खाली आणि कान फोनकडे, असा त्याचा प्रत्येक रविवार जाई. त्याची बायको सुरक्षा दलात अधिकारी होण्याचं शिक्षण घेत होती; तिथल्या मुलींना आठवड्यातून एकदाच, रविवारी दुपारी, फोन मिळे. तोही मागे रांग लावून.

फोन त्याच्याकडे आला तेव्हा बोलणं संपत आलेलं होतं.

"कसा आहेस?" ती म्हणाली.

"मजेत. ते टाचेखाली घालायचं पाठवलं होतं, ते बसलं का नीट?"

"अरे, झकास! एकही फोड आला नाही. शेजारच्या पलंगावरची म्हणते, तुझ्या नवऱ्याला सांग, मलाही एक जोडी कर."

"तिच्या टाचेचं माप पाठव."

"पाठवते. बरं, ठेवू? मागच्या मुली डोळे वटारताहेत."

"ठेव, ठेव."

एक वाक्य त्याने सोमवारपासून मनात घोळवून ठेवलं होतं. समोर सासरे आणि तिच्यामागे पोरींची रांग. ते वाक्य आलं तसं पोटात परत गेलं.

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये तो कामाला होता. मेणात दात बसवायचे, हिरड्यांना रंग द्यायचा, घासून गुळगुळीत करायचं. तिथे सगळे त्याला बत्तिशी म्हणत. हा स्वतः फारसा हसत नसे म्हणून ते नाव जास्तच चिकटलं होतं. दातांचे ठसे घ्यायला जे रबरासारखं मऊ मिश्रण वापरतात, त्यातूनच त्याने बायकोच्या टाचेसाठी गाद्या ओतल्या होत्या. मालकाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

ती आधी शाळेत गणित शिकवायची. वयाची मर्यादा संपायच्या आतली शेवटची परीक्षा ती घरात कुणाला न सांगता देऊन आली होती, आणि निकाल लागला तेव्हा सगळ्यात आधी त्याला म्हणाली होती, "तू नाही म्हणालास तर नाही जाणार." तो म्हणाला होता, "मग मी कशाला नाही म्हणू?" हे बोलणं त्याला पुढे फार वेळा आठवलं. हो म्हणणं सोपं असतं. निभावताना माणूस रोज थोडा थोडा हो म्हणत राहतो.

ती एकुलती एक, आणि तिची आई केव्हाच गेलेली. त्यामुळे बाबा एकटे कशाला राहतील, म्हणून ती जायच्या आधीच सासरे आपली ट्रंक घेऊन त्यांच्याकडे राहायला आले होते. लॅबमध्ये ही बातमी पोचली तेव्हा हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. "लोक घरजावई होतात रे, तू घरसासरा आणलास!"

घरसासऱ्याचं आणि त्याचं वाईट नव्हतं. पण एकमेकांशी दोघेही मुलखाचे अबोल. म्हातारा सकाळी खिडकीशी बसून रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना शिव्या घाली. जावई स्वयंपाक करून, डबा भरून कामावर जाई. संध्याकाळी दोघे समोरासमोर जेवत आणि तिच्याविषयी बोलत नसत. एकाने नाव काढलं की दुसऱ्याचा घास अडकेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. अंथरुणावर तिच्या बाजूला तो न इस्त्री केलेले कपडे रचून ठेवी. ढीग उंच झाला की इस्त्री करी, आणि पुन्हा नवे ठेवी. ती जागा मोकळी ठेवायची नाही, एवढंच त्याने स्वतःशी ठरवलं होतं.

असेच बरेच महिने गेले. तिचं शिक्षण संपत आलं. आता शेवटचा मोठा सराव उरला होता. जंगलात, पाठीवर ओझं घेऊन. त्यात उतरला तो पार झाला म्हणायचं.

आणि नेमकं तेव्हा एका सकाळी न्हाणीघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. जावई धावला. सासरे भिंतीला टेकून बसले होते, तोंड एका बाजूला ओघळलेलं, डावा हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा मांडीवर पडलेला.

इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झटका मोठा आहे. चार-पाच दिवस काढले तर काढले. जवळचं कुणी असेल तर कळवून ठेवा."

म्हाताऱ्याने ते ऐकलं. उजव्या हाताने त्याने जावयाची बाही धरली आणि जड जिभेने दोनच शब्द ढकलले. "तिला... नको."

दुपारी जावयाचा थोरला भाऊ आला. बाहेरच्या बाकावर बसत म्हणाला, "बोलावून घे तिला. बाप तिचा आहे. तू किती दिवस लोकांचं ओझं वाहणार?"

"दादा, ती आत्ता निघाली तर तिला मागच्या तुकडीत टाकतील. शेवटचं सगळं परत करावं लागेल."

"मग करेल! वर्षभर संन्याशासारखा राहिलास, अजून हौस फिटली नाही?"

जावई उठून नळावर बाटली भरायला गेला. भावाने 'बोलावून घे' म्हटल्याबरोबर त्याला काय झालं होतं, ते त्याला एकट्यालाच माहीत होतं. त्याला आनंद झाला होता. सासरा खाटेवर तोंड वाकडं करून पडलेला, आणि याच्या मनात आधी काय आलं, तर ती आता घरी येईल. दार उघडेल, चपला काढेल, दिसेल. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की संध्याकाळपर्यंत त्याने फोनला हात लावला नाही. लावला असता तर तो कुणासाठी लावला, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

पण लपवायचं तरी कोणत्या तोंडाने? बाप तिचा होता. शेवटी त्याने अडीअडचणीसाठी दिलेला नंबर फिरवला. तिकडच्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिला बोलावणं पाठवलं. धापा टाकत ती फोनवर आली.

"काय झालं?"

त्याने सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही.

"बोलतात का?"

"दोन-चार शब्द. तू येऊ नकोस म्हणतात."

"आणि तू काय म्हणतोस?"

तो इस्पितळाच्या जिन्यात उभा होता. वरून कुणी औषधांची गाडी ढकलत नेत होतं. तिचा खडखडाट विरेपर्यंत तो थांबला.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मला तू रोजच यायला हवी असतेस. अगदी रोज. त्यामुळे आज माझं मत धरण्यासारखं नाही."

इतके महिने दर रविवारी पोटात परत गेलेलं वाक्य ते हेच होतं. निघालं ते असल्या वेळी.

मग ती म्हणाली, "बाबांच्या कानाला फोन लाव."

त्याने वर जाऊन फोन म्हाताऱ्याच्या कानाशी धरला. ती काय बोलत होती ते त्याला ऐकू आलं नाही. दिसले ते फक्त सासऱ्यांचे डोळे. ते आधी भरले, मग हळूहळू कोरडे झाले. चांगल्या हाताची बोटं खाटेच्या दांडीवर घट्ट वळली, स्टीअरिंगवर वळावी तशी.

"पुढे बघ," म्हातारा म्हणाला. शब्द लडबडले, पण कळले. "मागे... आहेत माणसं."

जावयाने फोन पुन्हा आपल्या कानाला लावला. तिचा आवाज फुटला होता. "मी इथेच थांबतेय. माझ्या वाटचं तू करशील?"

"करतो."

आणि त्याने केलं. लॅबमधून बिनपगारी रजा घेतली. सासऱ्यांना पुसून घेतलं, दाढी केली, कूस बदलली, चमच्या-चमच्याने भरवलं. पहिल्या दिवशी कपडे बदलताना म्हाताऱ्याने मान वळवून डोळे मिटून घेतले. "जावयाने... हे असलं..."

"इथं कोण जावई? मी कंडक्टर. गाडी नीट ठेवायची जबाबदारी माझी. तुम्ही सीटवर बसा."

वाकड्या तोंडाने सासरे हसले. हसू एकाच बाजूला आलं, पण आलं.

चार-पाच दिवस निघाले. आणखीही निघाले. म्हातारा वाचला. घरी आला तो मात्र खाटेवरच. डावी बाजू गेली ती गेली. गिळणंही असं अवघड होऊन बसलं की घास कुणी किती आणि कधी द्यायचा, याची सवय असलेला हातच लागे.

सराव पार पाडून ती तिकडे उत्तीर्ण झाली. समारंभाची तारीख आली. संचलन झाल्यावर घरच्यांनी मैदानात जाऊन आपल्या मुलीच्या खांद्यावर चांदण्या लावायच्या, अशी तिथली रीत होती. जावयाने नवा शर्ट घेतला, पिशवी भरली. सासऱ्यांपाशी राहायला भाऊ आला.

"जा तू निवांत," भाऊ म्हणाला. "मी काय परका आहे का? दोन घास भरवायला काय विद्या लागते?"

पण भावाच्या हातचा पहिलाच घोट म्हाताऱ्याच्या घशात अडकला. खोकून खोकून चेहरा काळानिळा पडला. दुसऱ्यांदाही तेच. संध्याकाळी अंग तापलं. भाऊ भेदरून बाजूला उभा राहिला. "बाबा रे, हे माझं काम नव्हे."

जावयाने पिशवीतून शर्ट काढला आणि हँगरला लावला. मग तिला फोन केला. आता तिला केव्हाही फोन घेता येत होता.

"नाही जमणार गं."

ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मग चांदण्या कोण लावणार?"

"शेजारच्या पलंगावरच्या मुलीची आई येणार असेल ना?"

"आलीय."

"तिला सांग. म्हणावं, एका खांद्याचं काम वाढलं. नाही, दोन खांद्यांचं."

ती हसली. हसता हसता तिने नाक ओढलं. "बाबांना दाखवशील ना? मोबाइलवर दिसणार आहे."

"दाखवतो."

सकाळी त्याने सासऱ्यांना उशांना टेकवून बसवलं, केस विंचरले, अंगात स्वच्छ सदरा चढवला. ताप उतरला होता. खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं. त्याने फोन उशीला टेकवून उभा केला आणि शेजारी बसला.

बँड वाजू लागला. मुलींच्या रांगा मैदानात आल्या. सगळ्यांचे पोशाख सारखे, सगळ्यांच्या माना सारख्या ताठ, केस सारखेच आखूड. कॅमेरा लांबून फिरत होता. हाताच्या पंजाएवढ्या त्या चित्रात माणूस ओळखणं कठीण होतं. तरी जावयाला ती दिसली. मागच्या रांगेत, कडेला, उन्हाने रापलेली, पार बारीक झालेली. तो पुढे वाकला.

तेवढ्यात सासऱ्यांनी उजवा हात उचलला आणि बोट पडद्यावर टेकवलं. पुढच्या रांगेतल्या, अगदी मधल्या मुलीवर.

"ती," ते म्हणाले. "ती बघा."

जावयाने त्या मुलीकडे पाहिलं. उंच होती, भलतीच कुणी होती. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता. एका डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"हो बाबा. तीच."

"पुढं... ठेवलंय तिला."

"मग? पुढेच ठेवणार."

त्याने फोन उचलून सासऱ्यांना नीट दिसेल असा त्यांच्याकडे वळवून धरला. त्याच्या बाजूने आता पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, फक्त खिडकीतलं ऊन चमकत होतं. बँड वाजत होता. हात अवघडला तरी त्याने फोन हलू दिला नाही.