बदामी आणि दुसरा बदामी

झुंबरबाई, म्हणजे आमची बायको, तीन दिवस नृसिंहवाडीला राहायला निघाली. हॉलच्या भिंतीवर रंगाच्या नमुन्याचे दोन पट्टे मारलेले होते. दोन्ही बदामी. एकाचं नाव ‘ओली वाळू’, दुसऱ्याचं ‘कोरी वाळू’. तिनं एका पट्ट्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

“बोट लावलेला घ्यायचा. इसरलासा तर फोन करू नगासा. आल्यावर बघते मी.”

त्या ‘बघते’मध्ये काय काय असतं, ते मी एकतीस वर्षं बघतो आहे.

दुसऱ्या दिवशी रंगारी दिलदार आला. कामाला हात लावायच्या आधी नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. मी फोडला, पाणी भिंतीवर शिंपडलं. पट्ट्यांवरून काहीतरी लाल ओघळलं. बरं दिसेना, म्हणून फडक्यानं पुसलं आणि दोन्ही पट्ट्यांना नव्यानं एकेक बोट लावलं. शुभकार्यात दुजाभाव नको.

“काका, कुठला घ्यायचा?”

“बोट लावलेला.”

दिलदार भिंतीकडे बघत राहिला. मग मीही बघितलं. बोट दोन्हींवर होतं.

“काकींनी कुठल्याला लावलंतं?”

“तूच सांग की.”

“मला नगा इचारू. पोरंबाळं हाईत मला.”

दारातून बघितलं, खिडकीतून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. दोन्ही चहात बुडवलेल्या खारीसारखे.

“हॉलला एक मारू, आतल्या खोलीला दुसरा,” दिलदार म्हणाला. “निम्मंच चुकंल. मग बोलणीबी निम्मीच.”

“तुझं लग्न झालंय न्हवं?”

“व्हय.”

“मग असं कसं बोलतोस?”

पण दुसरा तोडगा नव्हता.

तिसऱ्या दिवशी दारात रिक्षा थांबली. दिलदार शिडीवरून उतरून दाराजवळ जाऊन उभा राहिला. झुंबरबाईनं हॉल न्याहाळला, आत गेली, बाहेर आली.

“झकास. दोन्हीकडं माझाच रंग. मला वाटलंतं, घोळ घालतासा.”

तिलाही ओळखू येत नव्हतं! ती प्रसादाची पिशवी ठेवायला मागच्या सोप्यात गेली. तिथून आवाज आला. हळू. मोठा असता तर परवडला असता.

“अहो, ह्या रिकाम्या डब्यांवर दोन नावं कशी?”

दिलदारनं चपला हातात घेतल्या आणि शिडी, ब्रश जागच्या जागी सोडून गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाला.

मला ती सोय नव्हती. घर माझं होतं.