गूळ खाणारी मोटार

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. वय विचाराल तर तीन वर्षे. तुमच्यात तीन वर्षांच्या मुलाला कोणी जुने म्हणत नाही, पण आम्हा आलिशान मोटारींचे गणित वेगळे असते. कंपनीची वॉरंटी असते तोवर आमचा बिघाड कंपनी फुकट दुरुस्त करून देते. वॉरंटी संपली की आमचे म्हातारपण सुरू होते. मग साधा एक दिवा गेला तरी घरातली माणसे अंगणात अशी गप्प उभी राहतात, जणू आत डॉक्टर आले आहेत.

मी तुम्हाला माझ्या वॉरंटीच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट सांगते. त्या दिवशी माझ्या टपावर खडूची एक रेघ होती. त्या रेघेवरून मला कापायचे ठरले होते.

पण आधी जन्माचे सांगायला हवे. माझे इंजिन एका देशात घडले, काचा दुसऱ्या देशात, आणि मला जोडले पुण्याजवळ. कारखान्यात सगळे हातमोजे घालून मला हात लावत. त्यामुळे माझा असा समज झाला की सगळे आयुष्य असेच जाणार.

मला विकत घेतले हंबीररावांनी. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते आणि इस्लामपूरजवळ त्यांचा ऊस होता. ते पुण्याला नांगर बघायला आले होते. बाहेर फार उकडत होते म्हणून समोरच्या शोरूममध्ये जाऊन बसले. तिथे त्यांना न मागता चहा मिळाला. नांगर पुण्यातच राहिला आणि मी इस्लामपूरला आले.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मला बघायला आख्खी वस्ती लोटली. एकाने विचारले, "ह्या शिटा गरम का व्हत्यात?"

"थंडीत बसायला," हंबीरराव म्हणाले.

"मग थंडीत घरात बसायला काय झालं?"

हंबीरराव कंपनीचे पुस्तक चाळू लागले.

मला चालवायचे मात्र हंबीररावांना कधी जमले नाही. त्यांचा जन्म फौजेच्या ट्रकवर गेला. माझ्यात क्लच नाही हे त्यांच्या डाव्या पायाला कोणी सांगू शकले नाही. तो पाय सवयीने क्लच शोधायचा, त्याला ब्रेक सापडायचा आणि आत बसलेली सगळी माणसे एकदम नमस्कार केल्यासारखी पुढे वाकायची. मग त्यांची लेक शिवांजली सुट्टीला आली आणि तिने आईला, राजेश्वरीबाईंना, खळ्यावर मला चालवायला शिकवले. बाईंच्या पायांना कसलीच सवय नव्हती. त्या आठवड्याभरात शिकल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही दोघी साताऱ्याला जायचो. तिथे बाईंची आई, अनसूयाबाई, पर्स घेऊन फाटकात उभी असायची. तिच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नव्हती. बाई तिला पुढच्या शिटावर बसवायच्या आणि आम्ही वाईपर्यंत जाऊन यायचो. वाईत काही काम नसायचे. अनसूयाबाई वाटेतल्या प्रत्येक ट्रकला नावे ठेवायच्या आणि संध्याकाळी म्हणायच्या, "आज लय बरं वाटलं." बाईंना चालवता येईल अशी घरात दुसरी गाडी नव्हती. एक जुनी जीप होती, पण ती गोठ्यामागे होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मला तिच्याकडे बघवत नसे.

आता मुख्य गोष्ट. मित्रांनो, माझे पुढे बघण्याचे यंत्र माझ्या दिव्यांत नाही. ते नाकासमोरच्या जाळीत, कंपनीच्या बिल्ल्यामागे आहे. म्हणजे माझा डोळा माझ्या तोंडात आहे. ज्याने मला घडवले त्याला हे शोभून दिसले असेल.

खंडेनवमीला हंबीररावांनी माझी पूजा केली. फौजेत ते बंदुकीची पूजा करायचे आणि त्यांची बंदूक कधी अडली नव्हती, त्यामुळे ते मन लावून करत. हळदकुंकू झाले, झेंडूची माळ झाली, उसाची दोन कांडी झाली. मग नैवेद्य. नैवेद्य तोंडाशी ठेवतात. त्यांनी गुळाचा खडा माझ्या जाळीत, अगदी बिल्ल्याला टेकवून बसवला आणि वर हळदीचे बोट ओढले.

इंजिन तापले तसा गूळ पाघळला आणि माझ्या डोळ्यावर पसरला.

माझ्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. राजेश्वरीबाईंनी खालची इंग्रजी ओळ वाचली. "आवं, समोरचं दिसत न्हाई म्हणतीया."

"दिसत कसं न्हाई?" हंबीरराव उतरले आणि दोन्ही दिवे धोतराच्या फडक्याने लखलखीत पुसले. मग काच पुसली. आरसेही पुसले, कारण फौजेत अर्धवट काम चालत नाही. दिवा गेला नाही. तेव्हा त्यांना वाटले, गाडी रुसली. दुसऱ्या दिवशी बाई भाकरी करत असताना ते गपचूप माझ्यासमोर आले, आजूबाजूला बघितले आणि अजून एक खडा माझ्या तोंडात ठेवला. मग तिसऱ्या दिवशी. मग रोज.

मी आतून ओरडत होते, पण मला फक्त पिवळा दिवा लावता येतो.

इकडे वॉरंटी संपायला आली. वाढीव वॉरंटी घ्यावी असे बाई दिवाळीपासून सांगत होत्या.

"बिघडलीच न्हाई तर पैसं वाया," हंबीरराव म्हणायचे.

"मग बिघडावी व्हय?"

"तसं कुठं म्हणलं?"

"मग कसं म्हणताय?"

यावर ते उसाला पाणी पाजायला जायचे. त्यांच्या उसाला त्या महिन्यात फार पाणी मिळाले.

शेवटी त्यांनी निकाल लावला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सांगलीच्या वर्कशॉपला तपासणी करायची. पास झाली तर वॉरंटीचा विचार करू. नापास झाली तर त्याच संध्याकाळी मलकापूरच्या नाथाजीला देऊन टाकू. विनावॉरंटीचे दुखणे घरात नको.

नाथाजीचा धंदा तुम्हाला सांगायला माझ्या काचा थरथरतात. तो जुन्या भारी गाड्या घेतो, त्यांचा टप कापतो, आत मखमलीचे सिंहासन बसवतो, पुढे फायबरच्या हंसाची मान लावतो आणि नवरदेवांच्या वरातीला भाड्याने देतो. मी महामार्गावर माझ्याच जातीची एक मोटार तशी बघितली होती. तिने मला ओळखले आणि हंसाआड तोंड लपवले.

त्या दिवशी सकाळीच नाथाजी टेम्पो घेऊन आला. टेम्पोत हंस होता.

"आजून ठरलं न्हाई, नाथाजी," राजेश्वरीबाई म्हणाल्या.

"व्हय की वहिनी. मी नुसतं माप घेतो." त्याने माझ्यावर टेप धरली, खडूने टपाभोवती रेघ ओढली आणि बोटाने टकटक केले. "पत्रा भारी हाय, सुभेदार. कापायला बरा."

हंबीरराव दुसरीकडे बघत होते. बाईंनी माझी किल्ली कमरेला खोचली आणि आत जाऊन साताऱ्याला फोन लावला. "आई, येत्या गुरुवारचं संध्याकाळी सांगते," असे त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. पण गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा तीनदा लावला आणि तीनदा काढला.

दुपारी आम्ही निघालो. नाथाजी हंसाला टेकून अंगणातच बसला. "या तुमी निवांत, मी हाय हितंच," असे त्याने प्रेमाने सांगितले.

वर्कशॉप सहाला बंद होणार होते. तिथल्या निमिषने फोनवर बजावले होते, "काकू, पडद्यावर एकही दिवा नको. पार्ट मागवायची वेळ आली तर तो येईपर्यंत मुदत संपेल. मग मला काही करता येणार नाही." माझ्या पडद्यावर दिवा जळत होता. आष्ट्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. एकीला ओलांडावे तर पुढे दुसरी. बाईंचे लक्ष एकदा रस्त्यावर, एकदा घड्याळावर आणि एकदा त्या पिवळ्या दिव्यावर.

"म्या चालवू का?" हंबीररावांनी विचारले.

"नगं."

"लवकर पोचू."

"आपण दोगंबी काचंतनं पोचू. गप बसा."

सांगलीत शिरलो तेव्हा पाऊण तास उरला होता. गुळाच्या बाजाराजवळ रस्ता तुंबला. पुढे रिक्षा, मागे सिटी बस, दोन्ही बाजूंना दुचाक्या. आणि समोरून, कोणाचीही पर्वा न करता, एक म्हैस आली. ती रिक्षाला वळसा घालून थेट माझ्यापुढे उभी राहिली. तिने माझा वास घेतला. मग जीभ बाहेर काढली.

मित्रांनो, कारखान्यात मला हातमोजे घालून हात लावत, हे मी सांगितलेच आहे.

बाईंनी हॉर्न दिला. म्हशीने कान हलवला. हंबीरराव खिडकीतून डोके काढून "हुर्र, हुर्र" करू लागले. मागच्या बसचा कंडक्टर उतरून म्हणाला, "पाव्हणं, म्हस तुमचीच का?"

"न्हाई."

"मग तुमच्या गाडीला ओळखती कशी?"

म्हैस शांतपणे बिल्ला चाटत होती. तिची जीभ कानशीसारखी होती. तिने वरची हळद खाल्ली, मधला गूळ खाल्ला, जाळीच्या फटीत जीभ घालून जुने खडे काढून खाल्ले आणि मला एकदम समोर दिसले. समोर म्हैस होती. मी आयुष्यात काही इतके स्पष्ट बघितले नव्हते.

पिवळा दिवा विझला.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हशीकडे. मग सावकाश नवऱ्याकडे.

"म्हशीनं काय खाल्लं?"

हंबीरराव रिक्षाच्या पाटीवरचा नंबर वाचत होते.

"आवं, तुमाला इचारतीय."

"गूळ आसंल."

"गाडीच्या तोंडात गूळ कुणी ठेवला?"

लढाईवर जाऊन आलेल्या त्या माणसाने खिडकीची काच वर घेतली. "रुसली हुती," शेवटी तो म्हणाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. त्या रागावणार होत्या, पण म्हैस बाजूला झाली आणि वाट मोकळी झाली. बाई अशा निघाल्या की हंबीररावांना शिटाचा हात धरावा लागला.

सहाला थोडा वेळ असताना आम्ही फाटकातून आत शिरलो. निमिषने मला यंत्र जोडले. बाईंनी पदराचे टोक मुठीत धरले होते. यंत्राने बराच विचार केला.

"एकही बिघाड नाही," निमिष म्हणाला. मग त्याने जाळीला हात लावला आणि बोटे बघितली. "काका, हे चिकट काय आहे?"

"आधी गूळ हुता," राजेश्वरीबाईंनी खरे ते सांगितले. "आता म्हशीची लाळ हाय."

निमिषने तपासणीचा कागद वरपासून खालपर्यंत बघितला. त्यात म्हशीसाठी रकाना नव्हता. त्याने हात धुऊन घेतले. "आणि टपावर ही रेघ कसली?"

बाईंनी फक्त नवऱ्याकडे बघितले. मला वाटते, साताऱ्याचे फाटक, पर्स आणि वाईचा रस्ता हे सगळे त्या बघण्यात होते. हंबीररावांनी खिशातून रुमाल काढला. ते माझ्याभोवती फिरले आणि सगळी रेघ पुसली. मागची बाजू दोनदा पुसली.

"चुकून पडलीया," ते म्हणाले.

मग निमिषने दोन प्रकार सांगितले. एका वॉरंटीत फक्त इंजिन आणि गिअर. दुसरीत आतली सगळी यंत्रेही. पण ती बरीच महाग.

"इंजिनाची बास हाय," हंबीरराव म्हणाले.

"मघाशी काय आडलं हुतं?" बाईंनी विचारले. "इंजिन का डोळा?"

हंबीररावांनी माझ्याकडे बघितले. डोळा शोधताना पहिल्यांदाच त्यांनी दिव्यांकडे न बघता बिल्ल्याकडे बघितले. "मोठी द्या," ते निमिषला म्हणाले. "गूळ त्यात बसतो का?"

"गूळ कशातच बसत नाही, काका."

"नुसतं इचारलं."

पैसे काढायला त्यांनी खिशात हात घातला, तर आधी कागदात गुंडाळलेला एक खडा बाहेर आला. तो आजचा होता. त्यांनी तो घाईने परत ठेवला. सही झाली आणि निमिषने वर्कशॉपचे शटर ओढले.

नाथाजीला फोन गेला तेव्हा तो अंगणात हंसाला टेकून झोपला होता. "मग हंसाचं काय करू?" त्याने विचारले. हंबीरराव म्हणाले, "जीपला लाव." पुढच्या लग्नसराईत त्या जीपवर पहिली वरात निघाली. कोंबड्यांना नवी जागा दिली आहे, पण त्या अजून नाथाजीशी बोलत नाहीत.

मित्रांनो, माझे तुमच्याजवळ एवढेच मागणे आहे. आमची पूजा करा, आम्हाला माळ घाला, आम्हाला त्याने बरे वाटते. पण आमचा दिवा लागला तर तो काय म्हणतो ते नीट वाचा, आणि डोळा कुठे आहे ते आधी विचारा. माया कितीही गोड असली तरी ती चुकीच्या जागी ठेवली की पुढचे दिसेनासे होते. आणि वॉरंटी मुदत संपायच्या आधी घ्या. प्रत्येक गावात म्हैस वेळेवर येईलच असे नाही.

त्या संध्याकाळी परत येताना आष्ट्याला आम्ही थांबलो. राजेश्वरीबाईंनी साताऱ्याला फोन लावला. "आई, गुरुवारी पर्स घेऊन फाटकात ये," एवढेच त्या बोलल्या आणि फोन ठेवून डोळे पुसू लागल्या. हंबीरराव खाली उतरले. सवयीने माझ्यासमोर आले, खिशातला खडा काढला, वाकले आणि तिथेच थांबले. मग ते वळून चालवणारीच्या खिडकीशी गेले.

"हात कर," ते म्हणाले.

बाईंनी हात पुढे केला. हंबीररावांनी गुळाचा खडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"चांगली चालवलीस," ते म्हणाले आणि पलीकडून येऊन गुमान बसले.