वांग्याची स्कूटी

दामिनी अकोल्याच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिच्या एका हातात पर्स होती, दुसऱ्या हातात फोन, आणि रुखवताचा खोका बसच्या डिकीत होता. पर्स आणि फोन तिच्यासोबत उतरले. खोका खामगावकडे निघून गेला. हे तिला कळलं ते मंगल कार्यालयाच्या दारात, रिक्षावाल्याने "सामान काईच नाई का ताई?" असं विचारलं तेव्हा. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

हा खोका म्हणजे साधासुधा खोका नव्हता. दामिनी अमरावतीच्या एका डिझाइन कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकत होती. तिच्या थोरल्या बहिणीचं, साधनाचं लग्न अकोल्यात ठरलं, तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे माणिकबाईंनी सहज विचारलं होतं, "रुखवत भाड्यानं आणसान का? आता सबन तयार भेटते." त्यावर साधना ताठ मानेने म्हणाली होती, "नाई. माही बहीण डिझाइन शिकते. थेच करीन." झालं! त्या एका वाक्याखातर दामिनी दिवाळीपासून राबत होती.

राबत होती म्हणजे बराच काळ नुसती फोटो बघत होती. कॉलेजातल्या सरांचं पालुपदच होतं, आधी संदर्भ गोळा करा, हात मागून चालवा. दामिनीबाईंनी इतके संदर्भ गोळा केले की फोनमध्ये जागा उरली नाही. कुठले कुठले महाल, कुठले झरोके, कुठले हत्ती! त्यातून शेवटी तयार झाला लाकडी पातळ फळ्यांचा एक राजवाडा, दारात झुलणारी पालखी, पालखीत घुंघट घेतलेली नवरी. काम असं रेखीव की नख लावायला जागा नव्हती. शेवटच्या हत्तीची सोंड आदल्या रात्री वाळली, म्हणून तर ती घरच्यांबरोबर न येता लग्नाच्या सकाळी एकटी बसने आली होती.

आणि आता अकरा वाजता वरपक्षाच्या बाया रुखवत बघायला येणार होत्या. टेबलावर पांढरी चादर अंथरलेली होती. चादरीवर काहीच नव्हतं.

"आता काय तोंड दाखवू मी त्या माणिकबाईले!" कौशल्याबाई, म्हणजे दामिनीची आई, खुर्चीत बसूनच राहिल्या. "पोरीनं एवढं सांगून ठेवलं तिथं. अन् तू फोनवर बोलत उतरली?"

चुलतभाऊ नितेश मात्र कामाचा. त्याने मोटारसायकलची किल्ली उचलली. "तिकीट तुह्या फोनमधी आहे ना? आन इकडं फोन. बाळापुरात गाठतो बसले." फोन खिशात घालून तो गेलासुद्धा.

दामिनीने सवयीने काहीतरी सुचावं म्हणून फोन शोधला. फोन बाळापूरच्या वाटेला लागला होता. आता ना संदर्भ, ना फोटो, ना सर. होती ती फक्त वेळेची मारामार. ती तशीच मागे भटारखान्यात गेली. तिथे मुख्य आचारी देवमन वांग्यांच्या ढिगापुढे बसला होता.

"काका, भाज्या पायजेत मले. थोड्या डाळीपन."

"कायले?"

"रुखवतात मांडाले."

देवमनने विळी थांबवली. "रुखवतात भाजी मांडतं? मंग पंगतीत मी काय रुखवत वाढू?" पण पोरीचा चेहरा बघून त्याने एक टोपली पुढे सरकवली. "घे. पन वांगे चार वाजता वापस पायजेत. संध्याकाळच्या भाजीचे हायेत थे. अन् भोकं कमी पाड."

टोपली आणि डाळी तिने टेबलापाशी आणल्या. काय करायचं हेच ठरेना. मग समोरच्या काळ्या उडदाच्या डाळीकडे तिचं लक्ष गेलं, आणि नांदगाव खंडेश्वरचं त्यांचं वावर डोळ्यापुढे आलं. तिने परातीत उडीद ओतला, काट्याने त्यात सरळ तासं ओढली, कोथिंबिरीची रोपं खोचली आणि वर मुरमुरे पेरले. कापूस फुटला! तिला एकटीलाच हसू आलं.

मग मात्र थांबणं नाही. दुधी भोपळ्याला कुंकवाचा लेप दिला आणि लाल एसटी केली. सकाळच्या चोरट्या बसचा राग होताच, तो सगळा त्या दुधीत उतरला. दोडक्याच्या सालीची बाभळ, तिच्याखाली पाट टाकून अभ्यास करणारी बटाट्याची मुलगी, तिच्या डोक्यावर मक्याच्या केसांचा बुचडा. साधना दहावीला असाच बुचडा बांधून बसायची. एक झालं की दुसरं आपोआप दिसत होतं. दिवाळीपासून जी कल्पना बोलावूनही येत नव्हती, ती आता दारात रांग लावून उभी होती. दामिनीला भयंकर मजा येत होती, आणि आई तिकडे डोळे पुसते आहे नि आपल्याला मजा येते आहे याची लाजही वाटत होती. पण मजा काही कमी होईना.

शेवटी तिने एक वाकडं, लांबट वांगं उचललं. त्याचा बाक बघितला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अवं, हे तं स्कूटी आहे!" साधना गावात पोस्टाचं काम करायची, जांभळ्या स्कूटीवरून टपाल वाटत हिंडायची. काकडीच्या चकत्यांची चाकं, हिरव्या मिरच्यांचं हँडल, काबुली चण्याचा दिवा. मागे विड्याच्या पानाची पिशवी, पिशवीत कढीपत्त्याची पत्रं. मुळ्याच्या चकतीचा आरसा काडीला टोचला आणि ती बाजूला झाली.

तेवढ्यात नितेश धापा टाकत आत आला. खांद्यावर खोका! "कंडक्टरनं जपून ठेवला होता. टाका बदलून लवकर, थ्या बाया गेटात उतरून राहिल्या."

"देव पावला!" कौशल्याबाई उठल्या. "काढ वं तो भाजीपाला, काढ."

दामिनीने खोका उघडला. राजवाडा शाबूत होता. तसाच रेखीव, तसाच सुंदर. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा परातीकडे. नांदगाव खंडेश्वरातून कधी कोणी पालखीत बसून सासरी गेलं होतं? त्या घुंघटाखाली कोण होतं? कोणीही असू शकलं असतं. एवढे महिने आपण ताईच्या लग्नाचं काम करत होतो आणि ताईकडे एकदाही बघितलं नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. बघायला वेळच वेळ होता, म्हणून जगभर बघत बसलो. वेळ संपला तेव्हा जवळचं दिसलं. पण शब्द ताईने दिला होता. तिची मान खाली जाऊ देऊन कसं चालेल? दामिनीला ठरवता येईना.

गडबड ऐकून साधनाच बाहेर आली. अर्धा मेकअप झालेला, मुंडावळ्या हातात. टेबलापुढे ती थबकली. "हे... माही गाडी आहे?"

"हाव."

"एकच आरसा?"

दामिनीने बघितलं. खरंच की! तिने दुसरा आरसा लावलाच नव्हता. स्कूटी शिकताना दामिनीनेच गाडी नाल्यात घालून तो फोडला होता, आणि साधनाने कधी नवा बसवला नव्हता. हातांनी तिला न विचारता बरोबर तेच केलं होतं.

"खोका बंद कर," साधना म्हणाली. "हेच राहू दे."

बाया आल्या. माणिकबाई पुढे. त्यांनी परात बघितली, एसटी बघितली. मग त्या स्कूटीपाशी वाकल्या.

"या गाडीले आरसा एकच कावून?"

आणि नवरी मुलगी, जिने त्या दिवशी खाली मान घालून बसायचं असतं, ती सांगायलाच लागली. धाकटीने नाल्यात कशी उडी मारली, टपाल कसं भिजलं, म्हाताऱ्यांची पेन्शनची कागदं चुलीवर कशी वाळवली. बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. माणिकबाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "बाप्पा! म्हणजे सून आमची जबरदस्त आहे! आमाले आतालोक मालूमच नाई." मुंडावळ्या साधनाच्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः तिच्या कपाळावर बांधल्या.

लग्न वेळेवर लागलं. चार वाजता देवमन टोपली घेऊन हजर. वांगी मोजून घेत तो कुरकुरला, "एक कमी हाय."

पाठवणीच्या वेळी दामिनी खोका काखेत धरून गाडीपाशी उभी राहिली. "ताई, हे घेऊन जाय नं. एवढी मेहनत केली."

"थे कॉलेजात दे. मार्क भेटतीन." साधनाने मांडीवरचा रुमाल अलगद उघडला. आत वांग्याची स्कूटी होती, एक चाक जरा कलंडलेलं.

"अवं, दोन दिवसांत सडून जाईन थे!"

"तं सडू दे," साधना म्हणाली. "दोन दिवस तं त्या घरी माही गाडी राहीन."

गाडी निघाली. काचेतून मुळ्याचा तो एकुलता आरसा दिसत होता तोवर दामिनी हसत हात हलवत राहिली. मग तिथेच, सगळ्यांसमोर, राजवाडा कवटाळून तिने मोठ्ठं भोकाड पसरलं.