दवनीवाड्याचे दात

दहा रुपयांच्या नव्या नाण्यासाठी हिमांशूचं चित्र शेवटच्या तिघांत आलं होतं. वर धानाची लोंबी, खाली धानाच्या शेताची कोरी, गुळगुळीत बांधी. आता समितीला धातूतला नमुना हवा होता. दोन वर्षांची मेहनत त्यानं मऊ कथिलात ओतली. पहिल्याच ओतणीत साचा फुटला, त्यामुळं नमुना एकच. दुपारच्या गाडीनं तो मुंबईला न्यायचा होता.

हिमांशू आंघोळीला गेला आणि वडिलांनी, म्हणजे भैयाजींनी, नमुना उचलून चहाटपरी गाठली. पोराचं नाणं गावाला नाही दाखवायचं तर कोणाला?

अडचण अशी की दवनीवाड्यात दहाचं नाणं खोटं समजून आधीच कोणी घेत नाही. आणि माल पारखायची गावाची रीत एकच, धानाची. दाणा दाताखाली धरायचा. कट् वाजला तर वाळलेला, दबला तर ओला.

शेजारच्या मनीरामनं नाणं दाढेखाली धरलं. दबलं.

"भैयाजी, ओलं हाय ना हे."

"अबे, धातू कसा ओला राहीन?"

"मंग तुमीच चावून पाहा."

भैयाजींनी चावून पाहिलं. दबलं. धान पारखण्यात धुरपताबाईचा हात गावात कोणी धरू शकत नाही, म्हणून तिला बोलावणं गेलं. तिनं दोन्हीकडच्या दाढा वापरून निकाल दिला, "अजून दोन ऊन्ह द्या याले."

हिमांशू डोकं पुसत पोचला तेव्हा राष्ट्राचं भावी नाणं टपरीच्या पत्र्यावर वाळत पडलं होतं.

"बाबा, हे काय केलं?"

"तपासून राहिलो होतो. तिकडं फेल झालं असतं त गावाची इज्जत गेली असती."

समितीपुढं नमुना ठेवताना हिमांशूनं मान वर केली नाही. अध्यक्षांनी भिंग लावलं.

"चित्रात ही बांधी कोरी होती," ते सावकाश म्हणाले. "इथं धान रोवणाऱ्या बायांची पावलं उमटलीत. चिखल काय जिवंत आलाय."

निवड झाली. अट एकच: नमुना दुप्पट आकारात पुन्हा करायचा, पावलं मात्र हीच हवीत.

हिमांशूनं बाहेर येऊन फोन लावला. "बाबा, परवा ज्यांनी ज्यांनी चावलं, त्यांना रविवारी जमवा."

भैयाजींनी टपरीवरच विचारून घेतलं.

"येतील म्हणते," ते म्हणाले. "पण मनीराम पुसून राहिला, मुंबईवाल्यायले सोताचे दात नाहीत का?"