साडेसत्तेचाळीस इंच

मित्रांनो, मी शिंप्याच्या गळ्यातली एक जुनी टेप आहे. माझा पिवळा रंग उडालाय, टोकाचा पत्रा चेपलाय, पण साठ इंचांत एक रेषही मी कधी इकडची तिकडे केलेली नाही. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकांनी श्वास ओढून धरला, माझ्यावर डोळे वटारले, तरी मी बधले नाही. तोंडदेखलं बोलणं मला जमतच नाही.

माझे मालक, टेलर मास्तर, चारचौघांत सांगायचे, "माणूस चुकेल, माझी टेप नाही चुकायची." आणि त्याच माणसाने मला खोटं पाडलं!

मास्तरांच्या मुलीला सगळे बटण म्हणतात. रांगत होती तेव्हापासून ती दुकानातल्या बटणांच्या डब्याशी खेळायची. सहा वर्षांची असताना तिच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे डोक्याला आणि पाठीच्या कण्याला किरण दिले. गाठ गेली. केसही गेले, तेव्हा टोपीसाठी तिच्या डोक्याचं माप मीच घेतलं. केस परत आले, कानामागे थोडं टक्कल राहिलं. पण पूर्वी चुटकीसरशी होणाऱ्या बेरजेला तिला आता पाच मिनिटं लागू लागली. शाळेतून आली की ती कापडाच्या गठ्ठ्यावरच झोपून जायची. वर्गातली मुलं तिला 'ढिम्म' म्हणत. असा संताप यायचा मला!

हॉस्पिटल लांब होतं. "दर तीन महिन्यांनी उंची मोजून फोनवर कळवा," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मास्तर माझं टोक लेकीच्या टाचेखाली धरायचे, डोक्यावर फूटपट्टी टेकवायचे, आकडा मोठ्याने सांगायचे आणि बटण तो मापांच्या वहीत लिहायची.

नवव्या वर्षी आकडा हलेना. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि अर्धा इंच वाढवून सांगितला. तिचा चेहरा खुलला. पुढच्या वेळी एक इंच वाढवावा लागला, त्याच्या पुढे दीड. पोर वाढत नव्हती, खोटं मात्र वाढत होतं. फोनवरही तेच गेलं आणि डॉक्टरीणबाई "छान" म्हणाल्या.

पण मागच्या वर्षीचा फ्रॉक बटणला अजून बरोबर बसत होता. त्यावर ती कितीतरी दिवस विचार करत होती. तिला वेळ लागतो, पण ती सोडत नाही.

चौथ्या वेळी मास्तर म्हणाले, "साडेएकोणपन्नास!" आणि मला गुंडाळू लागले. बटणने फूटपट्टीखाली माझ्यावर अंगठा दाबून धरला होता.

"सोड गं, झालं."

"नाही. मी वाचते."

दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं. "मास्तर, आमचं बघा ना जरा."

"थांबा," बटण म्हणाली. "मला वेळ लागतो."

एकेक रेष बोटाने मोजत ती निघाली. मध्येच चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कपाळावर घाम आला, पण अंगठा काही हलला नाही.

"साडेसत्तेचाळीस. बाबा, तुम्ही खोटं सांगितलंत."

मास्तर म्हणाले, "तुला वाईट वाटेल म्हणून गं..."

"वाईट वाटतंच आहे! पण माप माझं आहे. फोन लावा."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना चांगलंच फैलावर घेतलं. "किरणांनी मेंदूतली वाढीची ग्रंथी मंदावते, म्हणून तर उंची विचारत होते! तपासून इंजेक्शनं देता येतात, पण वाढीचं वय निघून गेलं की काही करता येत नाही. वर्ष घालवलंत तुम्ही!" शेवटी बटणनेच फोन ओढून घेतला.

"उद्या आलो तर चालेल?"

आता तिला रोज इंजेक्शन असतं. ती इतरांएवढी उंच होईल असं डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत, कारण कण्यालाही किरण लागलेत. हल्ली मास्तर फूटपट्टी तेवढी धरतात. आकडा बटण सांगते आणि गिऱ्हाइकं थांबतात.

मित्रांनो, गाठ गेली म्हणून अशा मुलांकडे लक्ष द्यायचं सोडू नका. त्यांना वेळ लागला तर द्या. आणि माप घ्याल तेव्हा जे निघेल तेच बोला. कमी निघालं, तर बटण आणि मी, आम्ही दोघी बघून घेऊ.